ओढता येते, पण थांबवता येते का?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि कर्जावर बोलणारी मंडळी आमच्यानंतर बोलणार आहेत. आम्हाला अर्धा तास दिला आहे तो टोचनावर बोलायला. विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले. हसा. पण एक सांगा, कापूस शेतातून जिनिंगपर्यंत जातो तो कशाच्या तरी मागे जोडूनच जातो ना? ज्वारीचा कडबा तसाच येतो. पावसाळ्यात नाल्यात रुतलेली जीप दोर लावूनच निघते. वेचणीच्या बाया शेतावर जातात त्या पुष्कळ ठिकाणी ट्रॉलीत बसूनच. म्हणजे आपला माल आणि आपली माणसे दोन्ही त्या एका पिनेवर लटकलेली आहेत. त्या पिनेबद्दल अर्धा तास बोललो तर फार झाले असे नाही.

टोचन हा शब्द ड्रायव्हर आणि गॅरेजवाल्यांनी घडवला. इंग्रजीतली ‘टो चेन’ आपल्या तोंडात बसून टोचन झाली असे म्हणतात. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेणे हा त्याचा मूळ अर्थ. आम्ही आज तो जरा मोठा करून वापरणार आहोत. एका इंजिनाच्या मागे दुसरे काहीही जोडले, मग ती ट्रॉली असो, मोटारीमागचा छोटा गाडा असो की रुतलेली जीप असो, सगळे टोचनच. कारण सगळीकडे चूक एकच होते. आपण विचारतो, ओढेल का? आणि ओढले की खूश होतो. थांबवता येईल का, हे कोणी विचारत नाही.

बैलगाडीपासून सुरुवात करू, कारण ते शास्त्र आपल्याला येते. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लागत, तेव्हा गाडी भरणारा माणूस शाळेत गेलेला नव्हता, पण भार कुठे ठेवायचा ते त्याला बरोबर कळत होते. मागे जास्त भरले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. पुढे जास्त भरले की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि खांदे सोलतात. म्हणून भार चाकाच्या कण्याच्या किंचित पुढे. जुवावर थोडा दाब राहिला पाहिजे, थोडाच. उतार आला की गाडीवान खाली उतरायचा, कासरा आखडून धरायचा, कोणी मागून गाडीला धरून ओढायचा. बैल स्वतः पाय रोवून मागे रेटायचे. म्हणजे बैल गाडी ओढत होता तसाच अडवतही होता. आठ खुरांचा ब्रेक होता तो.

ट्रॅक्टर आला आणि ओढण्याचा प्रश्न संपला. पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली सहज ओढतो. पण अडवण्याचे काय? पाटी काढा, हिशेब करू.

ट्रॅक्टरचे वजन धरा दोन टन. ट्रॉली रिकामी एक-सव्वा टन, त्यात तुडवून भरलेला कापूस पंचवीस-तीस क्विंटल. म्हणजे मागचा ऐवज झाला चार टनांच्या आसपास. पुढे दोन, मागे चार. आता ब्रेक कोणाला आहेत? बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची चाके मोकळी. आणि ट्रॉलीला? आपल्या तालुक्याच्या वेल्डरने बांधलेल्या किती ट्रॉल्यांना ब्रेक आहेत, हात वर करा. पाहा, मंडपात हात दिसत नाहीत.

म्हणजे सहा टनांचे सगळे लटांबर थांबवायचे ते दोन टायरांच्या रबराने. ट्रॅक्टर एकटा असताना ताशी वीस किलोमीटर वेगाने चालला आहे आणि तुम्ही ब्रेक दाबला, तर तो पंधरा-वीस फुटांत थांबतो. मागे चार टन जोडले की वजन तिप्पट झाले, ब्रेक तेवढाच राहिला. थांबायला जागा लागणार तिप्पट. म्हणजे पन्नास फूट. आता वेग वीसचा चाळीस करा. वेग दुप्पट झाला की जागा दुप्पट लागत नाही, चौपट लागते. हे नीट ऐका, कारण इथेच माणसे मरतात. वीसला पन्नास फूट लागत असतील तर चाळीसला दोनशे. शिवाय समोर गाय आडवी आली हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात चाळीसच्या वेगाने पस्तीस-छत्तीस फूट कापले जातात. एक एकराचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची एक बाजू भरते दोनशे आठ फूट. म्हणजे एका धुऱ्यावर तुम्हाला गाय दिसली तर ट्रॅक्टर थांबेल तो दुसऱ्या धुऱ्याच्याही पलीकडे. हा कोरड्या, सपाट डांबरी रस्त्याचा ढोबळ हिशेब आहे. रस्त्यावर बारीक गिट्टी किंवा पावसाचा चिखल असेल तर आकडा सांगण्यात अर्थ नाही.

उताराचे आणखी सोपे आहे. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली जाणारा उतार डोळ्याला उतार वाटतही नाही. तेवढ्या उतारावर चार टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून दोन क्विंटलच्या जोराने ढकलत असते. सतत. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांच्या पायाच्या पोटऱ्यांना ते माहीत आहे. घाटात काय करायचे? ज्या गिअरमध्ये चढ चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरायचे. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मधे बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे जे शहाणे आहेत, त्यांनी वाचवलेले डिझेल किती रुपयांचे होते ते त्यांच्या घरच्यांनी एकदा मांडून पाहावे.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचे दोन पेडल असतात, डावे आणि उजवे. शेतात तासाच्या टोकाला वळायला एकच चाक अडवता यावे म्हणून ती सोय. शेतात ती चांगली. रस्त्यावर मात्र ती दोन पेडले जोडणारी कडी लावलेलीच पाहिजे. कडी न लावता भर वेगात पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक अडते, ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो, आणि मागचे चार टन सरळच जात राहतात. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीच्या पात्यांसारखे मिटतात आणि त्या पात्यांमध्ये सीटवरचा माणूस असतो. कडी लावायला खाली वाकावे लागते, खर्च शून्य. तरी आम्ही जिथे जातो तिथे दहातल्या किती ट्रॅक्टरांची कडी गंजून बसलेली दिसते म्हणून सांगू! वंगणाचे दोन थेंब सोडा तिच्यात.

जोडण्याची जागा कोणती, हेही पाहिले पाहिजे. ओढायचे ते खालच्या हुकाला किंवा ड्रॉबारला, मागच्या कण्यापेक्षा खाली. रुतलेली ट्रॉली निघेना म्हणून काही जण साखळी वरच्या टॉप लिंकच्या कानाला अडकवतात. जोर जास्त लागेल असे वाटते. होते उलटे. मागचा भार हलत नाही, चाके जमिनीत धरलेली, मग फिरायला उरतो तो ट्रॅक्टरच. पुढची चाके उचलतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. साखळी खाली, क्लच हळू, एवढेच.

आणि पिन. हुकाची मूळ पिन हरवली की आपण काय घालतो? सळईचा तुकडा, नांगराचा जुना बोल्ट, सापडेल ते. पिन त्या भोकाच्या मापाची पाहिजे आणि तिच्या खालच्या टोकाला क्लिप पाहिजे, म्हणजे खड्ड्यात उसळली तरी वर येणार नाही. शिवाय दांडीखालून दोन साखळ्या, एकमेकींवर फुली करून, ट्रॅक्टरच्या सांगाड्याला. पिन तुटली तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही, आणि ट्रॉली एकटी पळत समोरच्या एसटीवर जात नाही. साखळी वळणापुरती सैल असावी, जमिनीला घासण्याइतकी नाही.

आता मोटारीकडे येऊ, कारण गावात मोटारी आल्या. जुनी जीप, सेकंडहँड व्हॅन, मुलाने घेतलेली छोटी कार. आणि आम्हाला विचारणारे भेटतात, हिच्या मागे हूक बसवून छोटा गाडा जोडला तर कापसाच्या दोन-चार खेपा होतील की नाही?

पहिले काम, गाडीसोबत मिळालेले पुस्तक उघडा. कित्येक छोट्या मोटारींच्या पुस्तकात साफ लिहिलेले असते, की ही गाडी माणसे नेण्यासाठी बनवली आहे, मागे काही ओढण्यासाठी नाही. तसे लिहिले असेल तर विषय संपला. पुस्तकात वजन दिलेले असेल तर ते गाडा आणि माल मिळून असते, नुसत्या मालाचे नाही. दुसरे, वेल्डरकडून बंपरला हूक जोडून घेऊ नका. जीपला खाली लोखंडी चासी असते, तिथे हूक धरतो. आजकालच्या छोट्या मोटारींना वेगळी चासी नसतेच, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार झेलतो. बंपर हा धक्का खायला असतो, ओढायला नसतो.

इंग्लंडात मोटारीमागे गाडे जोडण्याची चाल जुनी आहे. तिथला नियम आपल्याला हिशेबाला उपयोगी पडेल. गाड्याला स्वतःचा ब्रेक नसेल, तर गाडा आणि माल मिळून वजन मोटारीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि कितीही मोठी मोटार असली तरी साडेसातशे किलोंच्या वर नाही. आता आपली हजार किलोंची मोटार घ्या. निम्मे म्हणजे पाचशे. लोखंडी गाडाच अडीचशे किलोंचा भरतो. उरले अडीच क्विंटल. अडीच क्विंटल कापसासाठी हूक, वेल्डिंग, टायर, पेट्रोल, नोंदणी आणि विमा! दावणीची जोडी आणि बापजाद्यांची गाडी एका खेपेत दहा क्विंटल नेत होती. तेव्हा मोटारीमागे कापूस नेण्याचा धंदा आतबट्ट्याचा आहे हे आमचे मत. जीपमागे पाण्याची छोटी टाकी किंवा फवारणीचे सामान न्यायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण वजनाचा हिशेब तोच.

मोटारीमागच्या गाड्याला उलारपणा फार वाईट भोवतो. बैलगाडी उलार झाली तर बैलाला त्रास होतो आणि आपल्याला लगेच कळते. मोटारीमागे गाडा उलार असेल तर हळू चालवताना काहीच कळत नाही. वेग पन्नास-साठला गेला की गाडा शेपटासारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. आधी थोडा, मग जास्त, मग गाडीचेच मागचे अंग हलवू लागतो. म्हणून गाडा भरताना जुन्या गाडीवानाचा नियम. जड माल कण्यावर आणि किंचित पुढे, मागच्या फळीला टेकून कधीच नाही. हुकावर येणारा भार गाडा आणि माल यांच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असावा, पण पुस्तकात हुकाच्या भाराची मर्यादा दिली असेल तर तिच्या वर जायचे नाही. एकूण पाच क्विंटल असेल तर हुकावर पन्नास किलो, म्हणजे युरियाच्या एका गोणीपेक्षा थोडे जास्त. धान्य मोजायचा काटा दांडीखाली ठेवून पाहता येते. तेवढा भार मोटारीच्या मागच्या भागावर पडतो, म्हणून डिकीत पुन्हा दोन गोण्या टाकायच्या नाहीत.

आणि डोलू लागलाच तर? हात आपोआप स्टेअरिंग उलटसुलट फिरवू लागतात आणि पाय ब्रेकवर जोरात पडतो. दोन्ही चूक. त्याने डोल वाढतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. थांबल्यावर माल पुढे सरकवा. वेग वाढवून डोल जिरवण्याचा सल्ला देणारे लोक असतात. त्यांना गाडीत बसवू नका.

हेच उलारपणाचे शास्त्र दोन चाकी ट्रॉलीलाही लागू आहे. मागे भार गेला की ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, आणि ब्रेक नेमका त्याच चाकांना असतो. पुढे फार भरले की पुढची चाके उचलतात आणि स्टेअरिंग हवेत फिरते. उसाच्या पट्ट्यात एकामागे दोन ट्रॉल्या जोडून पुढची चाके तरंगवत जाणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील. ती नक्कल आपल्याकडे आणण्याचे कारण नाही. कापूस हलका म्हणून उंच भरतो, आणि उंच भरलेली ट्रॉली वळणावर कलंडते. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.

रुतलेल्या गाडीचे आता. आपली काळी माती. जुलैत पाऊस लागला की तिच्यात चाक जाते ते लोण्यात सुरी गेल्यासारखे. बाळंतीण घेऊन निघालेली जीप रुतते, ट्रॅक्टरवाल्याला हाक जाते, आणि तो येतो नायलॉनचा दोर घेऊन. सगळे गाव जमते. पोरे दोराच्या दोन्ही बाजूंना उभी.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावरून गोफण फिरवलेली माणसे इथे बसली आहेत. दोराला ताण दिला, एक टोक सोडले, की दगड कुठच्या कुठे जातो. नायलॉनचा दोर ताणला की तसाच जोर साठवतो, आणि तो तुटला किंवा त्याच्या टोकाचा लोखंडी हूक निसटला की तो हूकच गोफणीतला दगड होतो. तो जीपची काच फोडून आत बसलेल्याच्या डोक्यात जाऊ शकतो. लोखंडी तारेचा दोर ताणत कमी असला तरी तुटल्यावर पाय कापून नेईल असा फटका मारतो. म्हणून दोराची जेवढी लांबी, तेवढ्या अंतरात एकही माणूस उभा राहायचा नाही, बाळंतिणीला आधी खाली उतरवून बाजूला बसवायचे, आणि दोराच्या मध्यावर एक भिजवलेले गोणपाट टाकायचे. दोर तुटला तर ते वजन त्याला खाली पाडते.

आणि हिसका देऊ नका. आधी फावड्याने चाकापुढचा चिखल काढा, चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या घाला, मग ताण हळूहळू द्या. दहा मिनिटांचे फावड्याचे काम केले की दोराला निम्मे काम उरते. दोर बांधायचा तो ओढण्यासाठी दिलेल्या कडीला. बंपर, स्टेअरिंगचा रॉड, पुढच्या चाकाचा कणा यांना बांधलेला दोर गाडी काढेल, पण नंतर ती गाडी सरळ चालणार नाही.

बंद गाडी टोचन करून गॅरेजला न्यायची असेल तर आणखी एक गोष्ट, जी फार लोकांना ठाऊक नसते. मोटारीचे इंजिन बंद असले की ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत जाते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टेअरिंगही जड होते. म्हणजे मागच्या गाडीत बसलेल्याला सगळा जोर पायाने आणि दंडाने लावावा लागतो. तिथे दहावीतल्या पोराला बसवायचे नाही. लायसन असलेला, अंगाने धट्टाकट्टा माणूस पाहिजे. चावी फिरवून ठेवायची, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टेअरिंग लॉक होईल. दोर सैल पडू द्यायचा नाही आणि त्याला मधोमध लाल फडके बांधायचे, म्हणजे मोटारसायकलवाला दोन गाड्यांमधून घुसणार नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी चोवीस किलोमीटरपेक्षा जास्त नको, असे होते. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. आम्ही म्हणतो अंतर सोळा फुटांच्या आत ठेवा, वेग वीसच्या आत ठेवा, म्हणजे कोणताच नियम मोडत नाही आणि दोरही तुटत नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर दोराने ओढूच नका, गाडी उचलून नेणारे वाहन बोलवा.

आता मायबहिणींनो, तुमच्याविषयी. हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश बोलणार आहोत.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. ट्रॉलीत शेतकामाला निघालेल्या बाया होत्या, हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या. सात जणी गेल्या. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचविसाहून अधिक जीव गेले, बहुतेक बायका आणि मुले. दोन्ही ठिकाणी पाण्याने जीव घेतला असे आपण म्हणतो. पण ट्रॉली उलटली की तिच्यातल्या माणसाला धरायला काही नसते, बाहेर पडायला वाट नसते. वरून लोखंडी साटा पालथा पडतो. विहीर नसती तर तेच नालीत झाले असते.

यावर आमचे भाऊ म्हणतात, मग बाया आणायच्या कशा? एसटी त्या वेळेला नाही. शेत फाट्यापासून तीन किलोमीटर आत. वेचणी चार दिवस लांबली की बोंडातला कापूस लोंबतो, पाऊस आला तर मातीत जातो. हे सगळे खरे आहे. मजुरी देऊन वर गाडीभाडे द्यायला कापसात काय उरते, हेही खरे. ज्यांनी कधी वेचणी केली नाही त्यांनी कचेरीत बसून ‘ट्रॉलीतून प्रवास करू नये’ असे फलक रंगवावेत आणि झोपी जावे. आम्हाला तसे करता येत नाही, कारण त्या ट्रॉलीत आपल्याच घरच्या बाया असतात.

म्हणून आम्ही सांगतो, हिशेब करा. काळीपिवळी किंवा रिक्षा एका खेपेला काय घेते ते विचारा, त्याला बायांच्या संख्येने भागा, आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी मिळून एकच गाडी ठरवली तर किती पडते ते पाहा. पुष्कळ गावांत हा हिशेब कोणी मांडलेलाच नाही. ट्रॉली दारात उभी आहे म्हणून ती फुकट वाटते. ती फुकट कशी नाही, ते आता विम्याच्या कागदावरून पाहू.

ट्रॉली हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वेगळे वाहन आहे. ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी, ट्रॉलीची वेगळी. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा निघाला असे होत नाही. पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आणि तिचा हप्ता वेगळा पाहिजे. आणि ‘फक्त शेतीकामासाठी’ असे लिहिलेल्या पॉलिसीवर वीटभट्टीची माती, लग्नाचे वऱ्हाड किंवा यात्रा बसत नाही. वीटभट्टीच्या मातीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून जाताना जखमी झालेल्या मजुराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता, ट्रॉलीचा विमाच नाही. २००७ मध्ये न्यायालयाने सांगितले, विमा कंपनी जबाबदार नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीने त्याला आधी पैसे द्यावेत, आणि मग ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत. मजुराला न्याय मिळाला, चांगले झाले. पण मालक म्हणजे कोण? आपणच. ती रक्कम कशातून द्यायची? सातबाऱ्यावर जे आहे त्यातूनच. तेव्हा उद्या घरी गेल्यावर पेटीतली पॉलिसी काढा आणि वाचता येणाऱ्या पोराकडून दोन गोष्टी वाचून घ्या: ट्रॉलीचा उल्लेख आहे का, आणि वापर कोणता लिहिला आहे.

आणि ज्यांचा इलाज खरोखर चालत नाही, त्यांना आम्ही हात जोडून एवढेच सांगतो. भरलेल्या ट्रॉलीच्या गंजीवर माणूस बसवायचा नाही, कापसाच्या नाही आणि कडब्याच्या तर नाहीच. हुकाच्या दांडीवर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणी बसायचे नाही. तिथून घसरलेला माणूस सरळ ट्रॉलीच्या चाकाखाली जातो. विहिरीच्या कडेने, बांधावरून, नाल्याच्या पुलावरून ट्रॉली न्यायची असेल तर सगळ्या बायांनी खाली उतरून चालत यायचे. मालक घाई करेल. करू द्या. मायबहिणींनो, “आम्ही उतरतो, तू पुढे जा” असे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

रात्रीचे थोडक्यात. वेचणीचा हंगाम थंडीत, धुके त्याच दिवसांत, आणि जिनिंगच्या रांगेतून सुटेपर्यंत अंधार पडलेला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, आणि असला तर बाहेर आलेल्या कापसाच्या पालाखाली झाकलेला. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिव्याच्या उजेडात दिसते ती नुसती काळी भिंत, तीही शेवटच्या क्षणी. रेडियमची लाल पट्टी मागे, पांढरी पुढे, पिवळी दोन्ही बाजूंना, आणि पाल बांधल्यावरही ती दिसते की नाही हे मागे दहा पावले जाऊन पाहायचे. रस्त्यात पंक्चर झाले तर चाकाला दगडाची अटकण लावा, मागे शंभर पावलांवर झाडाची फांदी टाका, आणि निघताना ते दगड आणि ती फांदी उचलून बाजूला करा. आपल्या अटकणीचा दगड दुसऱ्याच्या मोटारसायकलखाली येतो.

ट्रॉलीला ब्रेक बसवता येतात का, असे एका भावाने चिठ्ठी पाठवून विचारले आहे. येतात. हायड्रॉलिक येतात, हवेचे येतात, आणि मागून ढकलले की आपोआप लागणारेही येतात. नवी ट्रॉली बांधायला टाकणार असाल तर वेल्डरला रंग आणि नाव काय टाकायचे ते सांगण्याआधी ब्रेकचे विचारा. जुन्या ट्रॉलीला बसवायचे तर आधी तिचा कणा आणि टायर तो जोर झेलण्याच्या लायकीचे आहेत का ते पाहावे लागेल. पुष्कळ ट्रॉल्या भंगारातल्या ट्रकचा कणा घालून बांधलेल्या असतात, त्यांचे तपासूनच ठरवा.

मंडपाच्या मागे लिंबाच्या झाडाखाली एक ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली उभी केली आहे. पिन कशी असावी, साखळीची फुली कशी घालायची आणि ब्रेकची कडी कुठे असते, हे तिथे हात लावून पाहता येईल. धान्याचा काटाही ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत या. ज्यांनी आपले ट्रॅक्टर मेळाव्याला आणले आहेत त्यांनी ते तिकडेच लावा, रेडियमच्या पट्ट्या आणल्या आहेत, एका ट्रॉलीला पुरतील एवढ्या प्रत्येकाला मिळतील. आणि ज्या गावच्या बाया आज ट्रॉलीतून आल्या आहेत, त्यांच्या परतीसाठी काळीपिवळी ठरवली आहे. ती चार वाजता फाट्यावर उभी राहील.